बारा जणांपैकी आपला कोण

पुण्यात सासूबाईंच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यंदा विमानप्रवास चालेल, पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही. आणि आमच्याकडे ऑस्ट्रेलियात यायचा त्यांचा व्हिसाचा अर्ज अडकून पडला होता. आमच्या गावाच्या, टूवूंबाच्या, खासदारांच्या ऑफिसने चौकशी केली, तरी काही हललं नाही.

"सिनेटर किती रे आपले?" बायकोने विचारलं.

"बारा."

"बाराही जणांना ईमेल टाकते."

तिचा हिशोब पुण्याचा होता. तिथे एका प्रभागाचे चार नगरसेवक. तक्रार चौघांकडे दिली, की श्रेय दुसऱ्याला जाऊ नये म्हणून चौघंही धावतात.

इथे पोच आली, पुढे शांतता. मी वाचत बसलो. घटनेने आमच्या क्वीन्सलँडला सिनेटसाठी, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहासाठी, राज्याचे विभाग पाडायची मुभा दिली होती. ती कधी वापरलीच गेली नाही. सिनेटर सहाचे दहा झाले, दहाचे बारा, पण प्रत्येक जण अख्ख्या राज्याचा. पार उत्तरेच्या केर्न्समधल्या मच्छीमाराचे तेच बारा, आमचेही तेच. एकट्या टूवूंबात मतं कमी पडली म्हणून यांतला कोणी घरी बसत नाही.

शेवटी बायकोने एका सिनेटरच्या ऑफिसला फोन लावला, स्पीकरवर. तिथल्या बाईंनी विचारलं, "हे अजून कोणाकडे आहे?"

"सगळ्यांकडे."

"मग प्रत्येकाला वाटणार, दुसरं कोणीतरी बघतंय. आम्ही बघायचं तर बाकीच्यांना तसं कळवा."

फोन ठेवल्यावर बायको माझ्यावर घसरली. "अकरा दारं मीच बंद करू? आणि ही विसरली तर?"

"तर हिला विचारता येईल. आत्ता कोणाला विचारणार?"

"तुला बोलायला काय जातंय. आई माझी आहे."

तिने चहा केला, तो निवला. मग लॅपटॉप उघडून तिने अकरा जणांना कळवलं, एकेकाला वेगळं.

पुढे व्हिसा आला. त्या ऑफिसमुळे आला की येणारच होता, हे मला सांगता येणार नाही.

"कोणी आपलं माणूस होतं का गं तिथे?" सासूबाईंनी फोनवर विचारलं.

"आपलं असं नाही. एकीला धरून ठेवलं."

"मग तिच्यासाठी काय आणू?"

"काही नको, आई. तू ये."