साळवेबाबांचा नुसता चहा

बदलापूरच्या रेव्हरंड साळवेबाबांनी आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला "मार्था, ताट वाढ!" अशी हाक दिली की समोरच्या उमेदवाराचा चेहरा उतरायचा. आमच्या प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती मंडळीत पाळकाची, म्हणजे पाद्रीपदाची, दीक्षा परीक्षेशिवाय मिळत नसे, आणि परीक्षक होते बाबा. पास होणाऱ्याला त्यांच्याकडे नुसता चहा मिळे, नापास होणाऱ्याला मटण-भाकरी. "पास झालेल्याला मंडळी जन्मभर जेवू घालतील. नापासाला कोण विचारतंय?" बाबा म्हणत. मटण सकाळीच आणून ठेवलेलं असे. यावरून त्यांचा आमच्यावरचा विश्वास कळावा.

माझं तर लग्नच या चहावर अडलं होतं. अंबरनाथच्या आगपेटीच्या कारखान्यात असलेल्या माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी बजावलं होतं, "आधी दीक्षा, मग शांता."

पहिल्या खेपेला ग्रीक, हिब्रू, मंडळीचा इतिहास सगळं सुरळीत पार पडलं. मग बाबांनी डोळे मिटून विचारलं, "मरणाला टेकलेला माणूस म्हणतोय, माझा विश्वास टिकत नाही. काय सांगशील?" मी वचनांमागून वचनं देत सिद्धांत मांडत राहिलो. बाबांनी डोळे उघडले. "माणूस केव्हाच गेला रे! मार्था, ताट वाढ!"

दुसऱ्या खेपेला त्याच प्रश्नावर मी शहाणा झालो. म्हटलं, "काही बोलणार नाही. हात धरून बसेन."

"ते त्याची बायको करतेच आहे. तुला कशाला बोलावलं? मार्था!"

मी चिडलो. "बाबा, देव मन बघतो. एवढी कडक परीक्षा कशाला?"

"कॅम्पातल्या सिंधी शेटच्या दुकानात कापड घेताना ताणून बघतोस ना? की अंगावर फाटल्यावर बघतोस?" म्हणत त्यांनी माझ्या ताटात आणखी रस्सा ओतला. मटण फार चवदार होतं, हे रागातही कबूल करावं लागलं. शांतेला तर संशयच आला, "तुम्ही मुद्दाम नापास होता की काय?"

तिसऱ्या खेपेला मी थोडक्यात आणि शास्त्राला धरून उत्तर दिलं. बाबांनी दाढी खाजवली. मग चहा आला, आणि पाठोपाठ ताटही. "उत्तर बरोबर आहे. पण पाठ केलेलं की तुझं, ते अजून कळत नाही." दीक्षा मिळाली, लग्नही झालं. ते ताट मात्र मनाला लागून राहिलं.

काही वर्षांनी बाबा अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो तेव्हा ते खूप थकलेले होते. "भीती वाटते रे," ते पुटपुटले. "माझा विश्वास टिकत नाही." मला वाटलं, पुन्हा परीक्षा! मी हसणारच होतो, तेवढ्यात त्यांच्या हाताने माझी बाही घट्ट पकडलेली दिसली.

मी तो हात धरला. "बाबा, देवाला धरून ठेवणं तुमचं काम नाही. त्याने तुम्हाला धरलंय, आणि त्याचा हात सुटत नाही."

त्यांच्या बोटांची पकड हळूहळू सैल झाली. मग त्यांनी दाराकडे मान वळवली.

"मार्था," ते म्हणाले, "ह्याला नुसता चहा दे."