लाथ समोरूनच

गंगापूर रोडला बांधकाम साहित्याचं प्रदर्शन होतं. तिथे एक विक्रेता सिमेंटशिवाय, एकमेकांत अडकणारे ब्लॉक रचून केलेल्या भिंतीला लाथ मारून दाखवायचा. आधी पँट चिमटीत धरून वर घ्यायची, मग समोरून एक लाथ, मग रुमालाने बूट पुसायचा. भिंतीपेक्षा बुटाचीच काळजी जास्त. "एका ब्लॉकचा कंगोरा दुसऱ्याच्या खाचेत बसला की विषय संपला," म्हणायचा.

मला गावी, पेठला, खोली बांधायची होती, म्हणून मी ब्लॉक नीट पाहिला. खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळसोट. नागमोडी असती तर ब्लॉक समोरून आणि बाजूनेही अडला असता. मी भिंतीच्या टोकाला जाऊन बाजूने ढकललं. वरचा ब्लॉक टेबलाच्या खणासारखा सरकून पलीकडे बाहेर आला.

"भिंतीला बाजूने कोण ढकलतं, साहेब?"

"आमच्याकडे पेठला जमीन हादरते कधीमधी. ती काय समोरून लाथ मारते?"

"पेठला आपलं गिऱ्हाईकच नाही ना," तो शांतपणे म्हणाला.

त्याने ब्लॉक कमरेने आत रेटला आणि तिथेच टेकून उभा राहिला. मी निघालो तेव्हाही तसाच होता, हसतमुख. बघणाऱ्यांना वाटत असेल, माणूस भिंतीला टेकलाय. खरं तर भिंतच त्याला टेकली होती.