मागचा आवाज

मी माणूस मुळातच संशयी. घरी कॉम्प्युटर घ्यायला नागपूरला गेलो तेव्हा, पेटीत जुना पंखा बसवून देतो की काय म्हणून दुकानातच तिचे चारही स्क्रू काढायला लावले होते. दुकानदार म्हणाला, "भाऊ, भरोसा नाही का?" मी म्हटलं, "आहे ना. पण स्क्रू काढ." मग पेटी गोधडीत गुंडाळून पॅसेंजर गाडीने पांढुर्ण्याला आणली. पेटी माझ्या मांडीवर, तो ढब्बू मॉनिटर बायकोच्या मांडीवर. लग्नानंतर तिला दाखवलेलं नागपूर ते एवढंच, आणि त्यावरून ती मला आजही सोडत नाही.

पांढुर्णा जिल्हा व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आमचं घर गावाबाहेर, संत्र्याच्या बागेतच. बागेची वाटणी होऊन दोन वर्षं झाली होती. अर्धी माझी, अर्धी दादाची, मधे विहीर एकच. दादा बोरगावच्या कारखान्यात ऑफिसात नोकरीला, राहायला सौसरला, आणि त्याची बाग बटईने, अर्ध्या वाट्यावर, कसायला दिलेली. वाटणीच्या दिवशी आमचं असं वाजलं की तो अंगणातूनच ओरडला, "तुह्या दारात पाय ठेवीन तर नावाचा नाही!" तेव्हापासून अबोला. घरात फोन एकच, तोही माझा, म्हणून तो फोनही करेना. आई माझ्याकडे. तिचे गुडघे गेलेले, बसमध्ये चढणं नाही. रोज म्हणायची, "दोघं एका ताटात जेवा एकदा, मंग मी मोकळी." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

पंचांनी पाण्याच्या पाळ्या ठरवून दिल्या होत्या. सोमवार ते बुधवार माझे, गुरुवार ते शनिवार दादाचे, रविवारी विहिरीला आराम. दुसऱ्याच्या पाळीत कोणी मोटर लावलेली सापडली, तर त्याची पाळी महिनाभर बंद. उन्हाळ्यात महिनाभर पाणी बंद म्हणजे संत्र्याची झाडं गेलीच समजा.

आता खरं सांगतो. शनिवारी संध्याकाळी मी मोटर लावायचो. दादाचा बटईदार शनिवारी बाजाराला जायचा, मोटरीची लाइन, म्हणजे वीज, आलेली असायची, पाणी विहिरीत नुसतं पडून असायचं. मनाची समजूत घातली होती, एका संध्याकाळनं काय होते!

त्याच शनिवारी संध्याकाळी माझं पॉडकास्टही चालायचं. पॉडकास्ट म्हणजे काय हे तेव्हा गावात कोणाला ठाऊक? शेजारचे एक रिटायर झालेले पटवारी घरी आले आणि म्हणाले, "रेडिओचं लायसन काढलं का? उद्या पोलीस आले तर आमचं नाव घेऊ नका." मी आपल्या बोलीत, घरचा कॉम्प्युटर कसा सांभाळावा ते सांगायचो. धूळ कशी काढावी, उंदरांनी वायर कुरतडली तर काय करावं, व्होल्टेज नाचू लागलं तर आधी काय बंद करावं. माइक वाटाण्याएवढा, डोक्याला लावायच्या हेडफोनचा. अर्ध्या तासाची फाइल इंटरनेटवर चढवायला अख्खा रविवार जायचा. ऐकणारे अकरा. त्यातला एक मीच, बरोबर चढली की नाही ते पाहायला.

घरी एवढी माणसं कॉम्प्युटर बघून जायची की आईला वाटलं, यंत्राला दृष्ट लागते. दर शनिवारी दिवेलागणीला ती मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन माझ्या मागे उभी राहून मॉनिटरच्या दिशेने ओवाळायची आणि पुटपुटत स्वयंपाकघरात जाऊन निखाऱ्यावर टाकायची. बायको म्हणायची, "कॉम्प्युटरची दृष्ट काढणारी सासू माह्याच नशिबात होती!" मी रेकॉर्डिंग थांबवत नसे. थांबवलं की फाइलचे दोन तुकडे व्हायचे आणि ते जोडता जोडता नाकी नऊ यायचे.

एके सोमवारी भागाखाली कोणीतरी पहिल्यांदाच काही लिहिलं. नाव नाही, गाव नाही. "आठव्या मिनिटापासून मागचा आवाज चांगला येते. माइक अजून मागे सरकवा."

मी लगेच फाइल लावली, कानावर हेडफोन दाबून आठवं मिनिट ऐकलं. मागे घूं घूं घूं. मोटर! शनिवारची, चोरीची मोटर, आणि ती मीच आपल्या हाताने साऱ्या जगाला ऐकवून राहिलो होतो. काय अक्कल म्हणावी!

पुढच्या सोमवारी पुन्हा. "या खेपेला मागचं कमी ऐकू आलं. तुम्ही लय जोरात बोलता." आमच्याच बोलीत लिहिणारा, कॉम्प्युटरबद्दल एक अक्षर नाही, सगळं लक्ष मागच्या आवाजावर. मी बायकोला म्हटलं, "हा दादाच आहे. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसून पुरावा जमा करून राहिला. चार-सहा शनिवार झाले की पंचांपुढे लावेल."

"मंग शनिवारची मोटर लावू नका," बायको म्हणाली.

किती साधी गोष्ट! पण संशयाने भरलेल्या डोक्यात साधं काही शिरत नाही. मी नागपूरहून चांगला माइक मागवला आणि मागचा आवाज काढून टाकणारा एक प्रोग्राम शोधला. मागच्या आवाजाचा छोटा तुकडा त्याला दाखवायचा, की तसला सगळा आवाज तो पुसून काढायचा. जे काय हळू, लांबून येतं, तेही तो वर आणखी दाबून टाकायचा. पहिल्यांदा केलं आणि ऐकलं तर काय सांगू बाप्पा! मोटर नाही, पाखरू नाही, नुसता मी. असं वाटलं की कोर्टात जिंकलो. चार शनिवार असे धुऊन चढवले, मोटरही बिनधास्त लावली. ये म्हटलं आता पुरावा घेऊन.

पहिल्या तीन सोमवारी खाली काहीच नाही. मी खूश. चौथ्या सोमवारी एकच ओळ आली.

"मागचा आवाज बंद झाला. आई बरी हाये ना?"

मी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. यातही डाव असेल, असंच पहिल्यांदा मनात आलं, खोटं कशाला बोलू. मग उठलो आणि जुन्या, न धुतलेल्या फाइली काढल्या. आठवं मिनिट लावलं. या वेळी मोटर सोडून बाकीचं ऐकायचा प्रयत्न केला. मोटरीच्या खाली, मिरच्यांची तडतड व्हायच्या आधी, आईचा आवाज होता. "आल्याची गेल्याची, बागेवरून जानाऱ्याची, या मशिनीची, माह्या लहान्याची..." मग जरा थांबून, "अन् माह्या मोठ्याची. सौसरला हाये तो. तिथची दृष्ट इथं निघो."

प्रत्येक फाइलीत होतं. शनिवारमागून शनिवार, माझ्या पाठीमागे चार हातांवर उभी राहून ती हे म्हणत होती आणि मी पुढे व्होल्टेज समजावून सांगत होतो. मला स्वतःची लाज वाटली. इतकी की बायकोने चहा आणून ठेवला तरी मला मान वर करवेना.

आईला सांगितलं की मोठा ऐकतो. ती मॉनिटरच्या मागे वाकून पाहायला लागली. "यातून? माहं बोलनं? अन् तू मले आता सांगून राहिला?" शिव्याही दिल्या दोन, त्या मी इथे लिहीत नाही. त्या शनिवारी मी मोटर लावली नाही. प्रोग्रामही लावला नाही. माइक तिच्यापुढे धरला. ती अवघडून पदर सावरत बसली, जसा काही मोठाच समोर बसलाय, आणि म्हणाली, "बाप्पू, तुही दृष्ट दर शनिवारी काढून राहिली मी. आता तोंड दाखव."

पुढच्या शनिवारी दिवेलागणीच्या आधी फटफटीचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. दादा. घराकडे आला नाही, सरळ विहिरीवर गेला आणि मोटरीवर हात ठेवून पाहिला, गरम आहे की गार. संशयात तो माझाच भाऊ. मोटर गारच होती. मग अंगणात येऊन उभा राहिला, उंबरठ्याच्या चार पावलं अलीकडे. बोलला ते पाळलंच पाहिजे ना.

आई मीठ-मोहरीची मूठ घेऊन बाहेर निघाली, गुडघे धरत धरत. तिने त्याच्यावरून ओवाळायला सुरुवात केली. मी दारात उभा. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "दादा, शनिवारी मीच लावत होतो मोटर."

"मालूम हाये," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून ऐकून राहिलो मी."

"मग पंचांना काहून नाही सांगितलं?"

तो आईकडे पाहत होता. "सांगितलं असतं तर तू शनिवारचं बोलनं बंद केलं असतं," तो म्हणाला. "पानी गेलं तर गेलं."

  मी पायऱ्या उतरलो, विहिरीवर गेलो, त्याच्या बागेकडचा कॉक उघडला आणि मोटर सुरू केली. परत येऊन रेकॉर्डिंग लावलं, माइकची वायर ओढत अंगणापर्यंत आणली आणि आईला म्हटलं, "आता जोरात बोल, मोटर चालू हाये."

त्या भागात घूं घूं फार आहे. कॉम्प्युटरबद्दल त्यात काहीच नाही. तो भाग मी कधी धुतला नाही.