लाल खुंटीपलीकडचा पापड

भिंगारला आमच्या शेजारी राहणारा इंजिनियर चहाला आला तरी आधी स्टोव्हची ज्योत निरखायचा. मूळचा अकोले तालुक्यातला, नोकरी नागापूरच्या कारखान्यात. गॅसची नळी फुटून जाळ उसळला तर माणसानं किती लांब थांबावं, हे तो कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचा. कॉम्प्युटर पुण्यात; म्हणून गणिताची भोकं पाडलेली कार्डं एसटीनं तिकडं पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायचा.

एकदा दारात येऊन म्हणाला, "वहिनी, उडदाचे पापड द्या. खायला न्हाई."

मी वैतागले, पण दिले आणि मागोमाग माळावर गेले. त्यानं तारेवर ओळीनं पापड टांगले. खाली एका ठिकाणी लाल खुंटी ठोकली; तिच्यापलीकडं धोका नाही, असं कॉम्प्युटरचं उत्तर होतं. सिलिंडरचा जाळ सोडला, तोच वारा फिरला, जाळ वाकला आणि खुंटीपलीकडचा पापडही फोड येऊन भाजला.

"छान भाजला की!" मी म्हणाले.

तो हसला नाही. "तिथं मानूस उभा हुता असं समजा. आता वारा धरून परत गणित."

नंतर तो कितीदा तरी पापड मागायला आला. मी डबाच पुढं करायची.

एका संध्याकाळी भर वाऱ्यात जाळ सोडून झाल्यावर त्यानं आता लांब सरकवलेल्या लाल खुंटीपलीकडचा पापड माझ्या हातावर ठेवला.

कच्चाच होता.