राजाची उडी

गुंदच्या पंचायत वाचनालयात मी पुस्तकं देण्याघेण्याचं काम बघतो. मागच्या वर्षी तिथं बुद्धिबळाचे दोन पट आले. मुलांना शिकवणार कोण, असं विचारल्यावर मी हात वर केला. मला खेळ येत होता, पण तो थोरल्या काकांनी ओसरीवर शिकवलेला. आमच्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, आणि शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. जगभर असंच खेळतात, असं मी धरून चाललो होतो.

सात मुलं यायची. त्यांत सातवीतली एक मुलगी चार महिन्यांत मलाच हरवू लागली. ती आपला राजा मुद्दाम कोपऱ्यात कोंडून घ्यायची. समोरचा मात द्यायच्या घाईत सगळी फौज तिकडं आणायचा, की हिचा राजा टुणकन उडून बाहेर. मग मोकळं पडलेलं मैदान तिचं. 'याला डावपेच म्हणतात,' असं मी बाकीच्यांना अभिमानानं सांगायचो.

जोयड्याला तालुक्याच्या स्पर्धा ठरल्या. जिंकणारा जिल्ह्याला, कारवारला जाणार होता. तिनं मावशीकडून बॅगही मागून आणली.

आदल्या दिवशी, सुरुवातीच्या चार चाली बघून ठेवाव्यात म्हणून मी पाण्याच्या टाकीजवळ, रेंज येते तिथं, मोबाइल घेऊन बसलो. सगळ्यांची प्यादी दोन-दोन घरं पळत होती. राजा मात्र कुणाचाच उडत नव्हता. मी चार व्हिडिओ पाहिले. चौघंही चुकत असतील, असं थोडा वेळ वाटून घेतलं.

सकाळी जीपमध्ये मी मुलांना सांगितलं, की तालुक्याला प्यादं पहिल्यांदा दोन घरं चालतं. जणू तो तालुक्याचा मानच. राजाचं सांगायला जीभ रेटेना. तिचा सगळा खेळ त्या उडीवर उभा होता, आणि माझी सगळी मास्तरकीही.

पहिले दोन डाव तिनं उडीशिवायच जिंकले. मी मनातल्या मनात सुटलो. शेवटच्या डावात तिचा राजा कोपऱ्यात गेलेला दिसला.

राजा उडाला. समोरचा रामनगरचा मुलगा ओरडला, "मास्तर, हिचा राजा घोडा झालाय!"

पंच म्हणून आलेले खेळाचे मास्तर धावत आले. "राजा एकच घर. माघारी ठेव."

"आमच्यात उडतोय की!"

"कोण शिकवलं?"

तिनं माझ्याकडं बोट केलं. आणि मी, पन्नाशीला टेकलेला माणूस, म्हणालो, "न्हाई वो मास्तर, पोरीचा गोंधळ झाला असंल."

दोन चालींत मात झाली.

बाहेर पायरीवर ती बसली होती. "मामा, मी गोंधळले व्हय?"

"न्हाई गं. मीच चुकीचं शिकवलो."

"तुमास्नी कवा कळालं?"

"काल."

"काल!"

एवढ्यात बाकीची सहा जणं भोवती जमली. एकीनं विचारलं, "मग उंट तरी तिरपाच जातोय न्हवं?"

"तिरपाच."

"देवाशप्पथ?"

मी शपथ घेतली. मग हत्तीची वेगळी घ्यावी लागली.

"चला," ती उठून म्हणाली आणि मला पंचांपुढं घेऊन गेली. ते कागद पूर्ण करत होते. तिच्या नावापुढं शेरा होता, नियम माहीत नाहीत. मी सगळं सांगितलं, कालच्या टाकीसकट.

"निकाल काय बदलत न्हाई आता," ते म्हणाले.

"निकाल ऱ्हाऊ दे. हे खोडा," ती शेऱ्यावर बोट ठेवून म्हणाली.

त्यांनी शेरा खोडला. "आता ह्यो कुणाच्या नावापुढं लिहू?" त्यांनी गमतीनं विचारलं.

तिनं माझं नाव सांगितलं, वडलांचं नाव आणि आडनावासकट, सावकाश. मास्तरांनी हसत हसत ते खरंच लिहिलं. तिनं वाकून वाचलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

"सही करा, मामा."