ओझेला पेटवेने वीज घालवली तो शनिवार

शनिवार, १९ ऑगस्ट १९६१. सकाळी ढग, दुपारी कडक ऊन. चेस्टरच्या पलीकडे गिलियड लॉज या बंधुमंडळाची सहल. मासळी ताजी, बटाट्याचं सॅलड खारट. ओझेलाने भर कार्यक्रमात वीज घालवली. थर्लो बेंबरी फार सुंदर वाजवून गेला, हे लिहिणं भाग आहे. मिस्टर क्वॉर्ल्स यांचा क्रीम रंगाचा सूट खराब झाला.

शाळेत नन्सनी आम्हाला शिकवलं होतं की डायरीत घडलं ते लिहावं, आपल्याला काय वाटलं ते लिहू नये. ती शिस्त मी आजवर मोडली नाही. पण ओझेला पेटवे अशा पाच-सहा वाक्यांत मावणारी बाई नव्हती, म्हणून बाकीचं इथे सांगते.

ओझेला ऑर्गन वाजवायची. फिलाडेल्फियाच्या उत्तर भागात, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. वडील धर्मोपदेशक. त्यांच्याच चर्चमध्ये ती दानाची थाळी फिरताना असा ठेका धरायची की लोक थाळीत पैसे टाकायचे विसरून डोलायला लागत. तिथून तिला काढलं, तेव्हा ती बारमध्ये वाजवू लागली. डाव्या पायाने खालच्या पट्ट्यांवर बासचे सूर वाजवायचे, म्हणून त्या पायात नाचाची पातळ सपाट चप्पल. उजव्या पायात मात्र उंच टाचेचा लाल बूट, कारण तो पाय लोकांच्या बाजूला असायचा. तिच्या पलंगाखाली नव्याकोऱ्या उजव्या चपलांचा ढीग होता. "एका पायाची बाई भेटली तर सांग गं बर्नडेट," ती मला म्हणायची, "तिचं आयुष्यभराचं काम होईल."

बँडमध्ये तिघं. ती, ड्रमवर होझिया आणि गिटारवर माझा नवरा लेम्युएल. ऑर्गन म्हणजे भिंतीला लावायच्या कपाटाएवढं धूड. ते न्यायला ओझेलाने एका अंत्यविधीवाल्याकडून जुनी शववाहिका घेतली होती. ती चालवायचं काम माझ्याकडे, कारण बाकी तिघांच्या हाती स्टिअरिंग देणं म्हणजे ती गाडी मूळ कामाला लावणं. रस्त्यात लोक टोपी काढून उभे राहात. ओझेला खिडकीतून कोंबडीची तंगडी चावत त्यांना मान डोलवून आशीर्वाद देई.

त्या शनिवारी लेम्युएल आणि होझिया मागून होझियाच्या गाडीने येत होते. ओझेला माझ्या शेजारी होती आणि कोंबडी खात नव्हती. तेवढ्यावरून मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"क्वॉर्ल्सचा फोन आला होता," ती म्हणाली. मिस्टर क्वॉर्ल्स आमचे कार्यक्रम ठरवणारे एजंट. सोमवारपासून हॅरिसबर्ग, पिट्सबर्ग, क्लीव्हलंड आणि बफेलो असा मोठा दौरा त्यांनीच जमवला होता. "सगळ्या क्लबवाल्यांना सॅक्सोफोन हवाय. गिटार नको म्हणतात. आज तो थर्लो बेंबरीला घेऊन येतोय, आपल्याबरोबर वाजवून बघायला. आवडला तर सोमवारी गाडीत लेम्युएलच्या जागी थर्लो."

लेम्युएलने वसंतात पोस्टातली नोकरी सोडली होती. सोडताना साहेबाला तो जे बोलला होता, त्यानंतर त्या इमारतीत त्याला तिकीट विकत घ्यायलाही जाता येत नव्हतं. आणि तेव्हापासून तो सकाळी दाढी करताना शीळ घालायचा. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मला कळलं होतं की या माणसाला शीळ येते.

"तू नाही म्हण ना," मी म्हटलं.

"मी नाही म्हटलं तर तो दौरा दुसऱ्या कोणाला देईल. त्यालाच नाही म्हणायला लावायचं." मग ती हसली, आणि तिच्या त्या हसण्यानेच मला जास्त भीती वाटली. "आणि खरं सांगू? सॅक्सोफोनवाला नेमका माझ्यासमोर उभा राहतो. लोकांना माझे पाय दिसायचे सोडून त्याचा पार्श्वभाग दिसतो."

तिचा बेत असा होता. आमच्या त्या ऑर्गनचा सूर विजेच्या चालीवर धावतो. घरात, क्लबमध्ये वीज एकसारखी वाहते, म्हणून सूर पक्का. पण सहलीच्या रानात वीज ट्रकवरच्या जनरेटरची. त्याच्यावर ओझं वाढलं की तो दमतो, आणि तो दमला की ऑर्गन थोडा खाली उतरतो. त्याच जनरेटरवर होझियाची व्हॅश्टीआंटी आपल्या मासळीच्या टपरीत कॉफीची विजेची भांडी चालवणार होती. थर्लो रंगात आला की ओझेला पिवळ्या रुमालाने कपाळ पुसणार. आंटी एक भांडं चालू करणार. ऑर्गन उतरणार, थर्लो वर लटकलेला राहणार आणि सगळ्या लॉजला वाटणार, हा बेसूर आहे.

"आणि लेम्युएल?"

"त्याला सांगून ठेवलंय, ऑर्गन उतरला की गिटारच्या खुंट्याही तेवढ्याच सैल कर म्हणून. का, ते नाही सांगितलं. तुझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात त्याचे."

थर्लो बेंबरी दिसायला देखणा होता आणि त्याला ते माहीत होतं. पांढरे बूट, पांढरा रुमाल, सॅक्सोफोन तान्ह्या मुलासारखा छातीशी. लेम्युएलने आपणहून त्याला खुर्ची दिली. मला त्या चांगुलपणाचा इतका राग आला की मी टपरीमागे जाऊन व्हॅश्टीआंटीला पाव कापून देऊ लागले.

"एकच भांडं हं, आंटी," मी म्हटलं.

"तू मला शिकवू नकोस, पोरी. माझ्या भाच्याच्या दोस्ताच्या पोटावर पाय आणतायत मेले." आंटीने बाह्या वर केल्या होत्या. ते लक्षण बरं नव्हतं.

कार्यक्रम सुरू झाला. झाडांखाली चादरी पसरलेल्या, लॉजचे म्हातारे छातीवर मंडळाचे मानाचे पट्टे लावून बसलेले, मुलं लिंबाच्या सरबतात बोटं बुडवत होती. मिस्टर क्वॉर्ल्स क्रीम सूट घालून पहिल्या रांगेत. दोन गाणी झाली. तिसऱ्याला थर्लोने डोळे मिटले, गुडघे वाकवले आणि असा एक लांब सूर धरला की माझ्या हातातली सुरी थांबली. ओझेलाने रुमाल काढला.

आंटीने भांडं चालू केलं. ऑर्गन जरासा खाली उतरला. थर्लोच्या कपाळावर आठी पडली. लेम्युएलने खुंटी फिरवली. सगळं ठरल्याबरहुकूम.

"बास," मी म्हटलं.

"कसलं बास? अजून वाजवतोय बघ मेला." आंटीने दुसरं भांडं लावलं. मग मासळी तळायची विजेची कढई. मग बर्फ किसायचं यंत्र, ज्याची कोणालाच गरज नव्हती.

ट्रकवर एक उचकी आली. ऑर्गनमधून आजारी गाय बसकण मारताना हंबरावी तसा आवाज निघाला, खाली खाली जात विरला, आणि वीज गेली. ऑर्गन गप्प. ऑर्गनच्या शेजारी गिटारचा स्पीकर, तोही गप्प.

सॅक्सोफोनला वीज लागत नाही. हे ओझेलाच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं ऑर्गनवर काढलेल्या माणसाला जगात सगळंच भिंतीतल्या सॉकेटवर चालतं असं वाटायला लागतं.

थर्लोने एक डोळा उघडून मागे पाहिलं, आणि पुढचा सूर दुप्पट जोराने फुंकला. होझिया तर फितूरच झाला. दात काढून त्याने असा ठेका दिला की पट्टेवाले म्हातारे उठले. एका आजोबांनी काठी फेकून दिली. बायका चादरी सोडून नाचायला लागल्या. आंटीसुद्धा झाऱ्या हातात घेऊन डुलत होती. "वाजवतो मात्र झकास गं," ती मला म्हणाली. ओझेला हाताची घडी घालून बसली होती. लेम्युएलची बोटं मात्र गिटारवर चालूच होती. इतक्या लांबून मला वाटलं, बिचारा लाजेकाजेस्तव वाजवल्याचं नाटक करतोय.

गाणं संपलं तेव्हा मिस्टर क्वॉर्ल्स खुर्चीवर उभे होते.

"मिस पेटवे! हाच आपला बँड! सोमवारी निघायचं!"

"ठरलं तर," ओझेला म्हणाली. इतक्या गोड आवाजात की होझियाने काठ्या खाली ठेवल्या. "चला, ऑर्गन गाडीत घालू या. थर्लो, मागचा डावा कोपरा तुझा."

"माझा?" थर्लोने सॅक्सोफोन पुसता पुसता विचारलं. "मी माझं वाद्य उचलतो. बाकी काही नाही."

"माझ्या बँडमध्ये ऑर्गन सगळे उचलतात. मीसुद्धा."

"लॉजमधली चार माणसं बोलवा ना," क्वॉर्ल्स म्हणाले.

"आणि हॅरिसबर्गला? तिथे क्लब वरच्या मजल्यावर आहे. पिट्सबर्गला जिना मध्येच वळतो. लॉजवाले काय दौऱ्यावर येणार आहेत?"

लेम्युएल सवयीने ऑर्गन उचलायचा पट्टा खांद्यावर टाकून आपल्या कोपऱ्याशी वाकलासुद्धा होता.

"लेम्युएल, हात काढ," ओझेला म्हणाली. "तू आता बँडमध्ये नाहीस."

त्याने हात काढला. ते त्याला त्या क्षणी, तिथे, सगळ्यांसमोर कळलं. मी टपरीतून निघून त्याच्याजवळ गेले आणि काय करावं ते न सुचून मासळी घातलेला पाव त्याच्या हातात दिला.

मग क्वॉर्ल्सना कोट काढायची लाज वाटली की काय, ते तसेच पुढे झाले. ओझेला आणि होझिया एका बाजूला, थर्लो आणि क्वॉर्ल्स दुसऱ्या. मंचावरून उचललं ते ठीक. पहिल्या पायरीवर थर्लो ओरडला, "माझं बोट!" आणि सोडून देऊन गवतावर जाऊन बसला. ऑर्गन कलला आणि त्याचा कोपरा क्वॉर्ल्सच्या मांडीवर येऊन टेकला. आता त्यांना उचलताही येईना आणि सोडताही येईना.

"लेम्युएल!" ते ओरडले. "अरे बाबा, धर की जरा!"

लेम्युएलने पावाचा घास घेतला. नीट चावला. माझा नवरा इतका हळू जेवताना मी कधी पाहिला नव्हता.

"मी बँडमध्ये नाही, साहेब."

"आहेस! आहेस!"

"कुठपर्यंत?" हे ओझेलाने विचारलं. तिच्या बाजूचं वजन ती आणि होझिया पेलत होते, पण तिच्या आवाजाला धापसुद्धा लागली नव्हती.

"बफेलोपर्यंत!"

"आणि परत?"

"परतसुद्धा! अहो माझा पाय!"

"क्लबवाल्यांना काय सांगाल?"

"सांगेन, गिटार जड सामानासकट येते म्हणून! धर रे!"

लेम्युएलने उरलेला पाव माझ्या हातात दिला, पट्टा खांद्यावर घेतला आणि कोपरा उचलला. क्वॉर्ल्सच्या सूटवर ऑर्गनच्या तळाचं काळं वंगण मांडीपासून गुडघ्यापर्यंत उमटलं होतं. थर्लोने गवतावरून विचारलं, "मला ट्रेनने पाठवणार असाल तर मी येतो."

"ट्रेन तुला पिट्सबर्गला नेईल, बाळा," ओझेला म्हणाली, "पण ऑर्गन तुझ्या मांडीवर बसून येणार नाही." थर्लो मोकळेपणाने हसला. पुढे फिलाडेल्फियात त्याचं चांगलं नाव झालं, आणि कोणी जड वस्तू उचल म्हटलं की तो ही गोष्ट स्वतःच रंगवून सांगायचा.

परतताना लेम्युएल आमच्या गाडीत बसला, ओझेलाच्या आणि माझ्या मध्ये. मग म्हणाला, "म्हणजे मला पाठीसाठी ठेवलंत, मिस ओझेला. बोटांसाठी नाही."

"क्वॉर्ल्सने पाठीसाठी ठेवलं," ओझेला म्हणाली. "मी कशासाठी ठेवलं ते त्याला विचारू नकोस."

"मग?"

"वीज गेल्यावर तू काय करत होतास?"

लेम्युएलचे कान लाल झाले. "वाजवत होतो."

"कोणाला ऐकू येत होतं?"

"कोणालाच नाही."

"मला येत होतं. तू माझ्यापासून हातभर अंतरावर होतास. तो गाढव तुझी जागा हिरावून घेत होता आणि तू त्याच्या एकेका ओळीखाली नेमका सूर ठेवत होतास. एकसुद्धा चुकवला नाहीस." तिने खिडकीची काच खाली केली. "इतका राग आला मला तुझा, की तुला सोडून त्या पांढऱ्या बुटवाल्याला घ्यावं असं क्षणभर वाटलं. मग विचार केला, हा दुसऱ्यालाही अशीच साथ देईल. त्यापेक्षा मलाच देत राहू दे."

चेस्टरच्या पुढे पेट्रोल पंपावरच्या माणसाने टोपी काढली, तेव्हा लेम्युएलनेच ओझेलापुढून खिडकीकडे वाकून त्याला मान डोलवली.

त्या दौऱ्यावर ते तिघं आणि गाडी चालवायला मी असे गेलो, आणि त्यानंतरच्या कितीतरी. लेम्युएलने गिटार सोडली ती हातात संधिवात आला तेव्हा. ओझेला त्याच्यानंतरही वाजवत होती. तिने ऑर्गन उचलायला ठेवलेल्या प्रत्येक गिटारवाल्याला ती सांगायची की तुझ्या आधीचा तुझ्यापेक्षा बरा होता.

त्या संध्याकाळी डायरीत शेवटी मी लिहिलं: लेम्युएलचा निळा शर्ट थंड पाण्यात भिजत घातला. उद्यासाठी अंडी नाहीत.