डोंगर नसलेल्या गावातला गुडघा

“उडी मार,” मी म्हटलं. “दोन्ही पाय एकदम टेकव. आवाज होऊ द्यायचा नाही.”

चित्रा लाकडी ठोकळ्यावर उभी होती. ठोकळा आडव्या विटेएवढा उंच. खाली जाड मॅट. तिच्या मुठी आवळलेल्या, कपाळावर घाम.

“येतें, अक्का,” ती म्हणाली. आणि आली नाही.

मी तंजावरात फिजिओथेरपिस्ट आहे. घाबरलेले पेशंट मला नवे नाहीत. पण चित्रा जनावरांची डॉक्टर. ओरत्तनाडूच्या आसपासच्या खेड्यांत मोपेडवर फिरते. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू फिरवते आणि बाहेर काढते. बैलाने शिंग उगारलं तर त्याच्यावरच ओरडते. ती बाई माझ्यासमोर विटेएवढ्या उंचीवरून खाली यायला तयार नव्हती. आणि तिचा गुडघा तेव्हा उत्तम होता.

आम्ही दोघी इथल्या मराठी घरांतल्या. पूर्वज तंजावरच्या मराठा राजांच्या काळात इकडे आले आणि इथलेच झाले. आमची मराठी जुन्या वळणाची, तमिळ सुराची. देवनागरी वाचायला मी मोठेपणी शिकले, म्हणून लिहिते पुस्तकातल्यासारखं. आमचं बोलणं मात्र जमेल तिथे बोलतो तसंच ठेवलं आहे.

चित्राला धावायचं वेड. तेही डांबरी रस्त्यावर नाही. ट्रेल रनिंग, म्हणजे पायवाटांवरून, दगडधोंड्यांतून, रानातून धावणं. आठवडाभर कालव्याच्या बांधावर सराव करायचा आणि रजा मिळाली की मैत्रिणींबरोबर कोल्ली मलैच्या डोंगरात जायचं. अशाच एका उतरणीवर तिचा पाय झाडाच्या मुळात अडकला. पाऊल जागेवर राहिलं आणि अंग फिरलं.

“आवाज आला अक्का,” तिने मला पहिल्या दिवशी सांगितलं. “वाळकी काडी मोडतांना येतो तसा. मला तेव्हाच कळालें.”

गुडघ्याच्या आत मधोमध एक छोटी दोरी असते. आम्ही तिला एसीएल म्हणतो. नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि गुडघा आतल्या आत फिरू नये, हे ती सांभाळते. चित्राची ती दोरी तुटली होती. मैत्रिणींनी एका गावकऱ्याच्या वेष्टीची, म्हणजे धोतराची, झोळी करून तिला डोंगराखाली आणलं. तिरुचीच्या सर्जननी तिच्याच मांडीच्या मागची एक शीर, रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी, काढून तुटलेल्या दोरीच्या जागी बसवली. तिला ग्राफ्ट म्हणतात. ऑपरेशन सुरेख झालं. मग तिला माझ्याकडे पाठवलं.

सोबत तिची आई होती. निवृत्त गणिताच्या टीचर. सगळे त्यांना अम्मा म्हणतात, मीही.

“गाईम्हशींच्या मागे धांवते तें पुरत नाही हिला,” अम्मा खुर्चीत बसता बसता म्हणाल्या. “डोंगरांत जाऊन धांवायला पाहिजे. तूं हिला चालायला शिकव. धांवायचें सोडायला मी शिकवतें.”

पहिला व्यायाम अगदी सोपा होता. पाय लांब करून बसायचं आणि मांडीचा स्नायू आवळायचा. चित्राने दात आवळले, भुवया आवळल्या. मांडी तशीच राहिली, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी.

“मी सांगतें आहे,” ती म्हणाली. “ती ऐकत नाही.”

हे पाहिलं की मला आजही आश्चर्य वाटतं. ती मांडी कुणी कापलेली नसते. पण गुडघ्यात सूज आली की मेंदू मांडीच्या स्नायूला आवाज देणंच कमी करतो. जणू घरात आजारी माणूस आहे म्हणून सगळे हळू बोलतात. मग स्नायू झपाट्याने वाळतो. डोंगर चढणारी मांडी थोड्याच दिवसांत शाळकरी मुलीच्या मांडीसारखी दिसू लागते. मी तिच्या मांडीवर बोटांनी टकटक करत राहिले. “इथे. इथे बोलाव.” एका सकाळी माझ्या बोटांखाली काहीतरी हललं. माशाने पाण्याखाली शेपूट हलवावी तेवढंच. चित्राने माझ्याकडे पाहिलं. अम्मांनी पेपर खाली ठेवला.

त्यानंतर प्रगती वेगाने झाली. कुबड्या सुटल्या. सूज उतरली. दुखणं थांबलं. चित्रा कामावर जाऊ लागली. आणि धोक्याचा काळ नेमका तेव्हा सुरू झाला.

एका सकाळी क्लिनिक उघडायच्या आधीच अम्मा दारात. मागे चित्रा, लंगडत. गुडघा नारळाएवढा.

“विचार हिला काय केलें,” अम्मा म्हणाल्या.

“बांधावर धावले,” चित्रा खाली बघत म्हणाली. “थोडंच. काही दुखत नव्हतं, अक्का. शपथ. इतकं छान वाटत होतं.”

ग्राफ्ट तुटला असेल तर पुन्हा ऑपरेशन, पुन्हा पहिल्यापासून सगळं. मी तिला टेबलावर झोपवलं. गुडघा किंचित वाकवून एका हाताने मांडी धरली, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली. दोरी तुटलेली असेल तर हाड सरकतच जातं, कुठे अडत नाही. शाबूत असेल तर एका जागी ठक्क करून थांबतं. ते बोटांना कळतं.

ओढलं. थांबलं.

मी पुन्हा ओढलं. पुन्हा तिथेच थांबलं. दुसऱ्या गुडघ्याशी ताडून पाहिलं, तिथेही तसंच. फोनवर सर्जनना सगळं सांगितलं. त्यांनी तिला बोलावून घेतलं, तपासलं आणि तेच म्हणाले. ग्राफ्ट वाचला होता. गुडघा फक्त चिडला होता.

तिरुचीहून परत आल्यावर मी तिला समोर बसवलं.

“तुला एक सांगते. ती मांडीची शीर गुडघ्यात बसवली ना, ती आधी निम्मी मरते.”

“म्हणजे?”

“तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. आतल्या पेशी मरतात. उरतो नुसता सांगाडा. मग तुझं शरीर तिथे नव्या रक्तवाहिन्या पाठवतं, नव्या पेशी पाठवतं, जुना धागा खातं आणि नवा विणतं. शिरेची हळूहळू दोरी होते. या सगळ्यात मधे एक काळ असा येतो की धागा सगळ्यात कच्चा असतो. आणि नेमकं तेव्हाच पेशंटला वाटतं की आपण बरे झालो.”

चित्राने गुडघ्यावर तळहात ठेवला. जनावरांची शरीरं ती रोज उघडून बघते. तिला हे पुस्तकातून माहीतही असणार. पण स्वतःच्या कातडीखाली चाललेलं काम तिला पहिल्यांदाच दिसत होतं.

“आतां, या मिनिटाला, आंत विणणें चाललें आहे?” तिने विचारलं.

“आता. तू बोलते आहेस तेव्हाही.”

“आणि मी त्यावर नाचत होते.”

अम्मा खुर्चीतून म्हणाल्या, “आम्हांला कुणी कधी सांगितलें नाही हें.” त्या दिवसानंतर त्यांनी धावणं सोडवायची भाषा केली नाही. माझ्यापेक्षा कडक होऊन वेळेवर व्यायाम करून घेऊ लागल्या.

सर्जननी हो म्हटल्यावर आम्ही धावायला सुरुवात केली. थोडं चालायचं, थोडं हळू धावायचं, परत चालायचं. नियम एकच. आज कसं वाटलं त्याला किंमत नाही, उद्या सकाळी गुडघा काय म्हणतो ते बघायचं. सुजला नाही तर पुढे. सुजला तर मागे.

आधी कालव्याचा सपाट बांध. मग कापणी झालेल्या भातशेतांमधले अरुंद बांध. ते उत्तम. पाऊल दर वेळी वेगळं पडतं आणि गुडघ्याला आपोआप तोल शिकावा लागतो. अडचण वेगळीच होती. तिथे तिला सगळे ओळखत.

“डॉक्टरम्मा! गाय कालपासून चारा खात नाही!”

“रवंथ करते का?”

“नाही!”

“आलेच!” की चालली ही बांध सोडून. मी मागून ओरडायची, “चित्रा, वळताना लहान पावलं!” उन्हाळ्यात कावेरीचं पात्र कोरडं पडलं तेव्हा तिरुवैयारूला जाऊन वाळूत चालवलं. वाळू मांडीला जे शिकवते ते मशीनने होत नाही.

पण उतार आणायचा कुठून? डोंगरात गुडघ्याचा कस चढताना कमी लागतो, उतरताना जास्त. आणि आमचा मुलूख ताटासारखा सपाट. गावातली सगळ्यात उंच जागा म्हणजे मोठ्या देवळाचं शिखर, तिथे कुणी चढू देत नाही. शेवटी रेल्वेवरचा पूल सापडला. पहाटे रहदारी सुरू व्हायच्या आधी चित्रा पुलावर चढायची आणि उतरायची. खाली चहावाला विचारायचा, “मॅडम, रेल चुकली का?”

पुलावर ती उतरली. कालव्याच्या तिरक्या काठावरून उतरली. सगळं जमलं. उडी मात्र जमेना. डोंगरात उतरताना दर पावलाला छोटी उडीच असते. ती जमल्याशिवाय मी तिला सोडणार नव्हते. म्हणून तो ठोकळा.

त्या दिवशी ती किती वेळ उभी राहिली कोण जाणे. मी सगळं करून पाहिलं. समजावलं, हात धरला, रागावले. अखेर अम्मा उठल्या. चपला काढल्या. साडी गुडघ्यापर्यंत उचलून खोचली.

“सरक,” त्या चित्राला म्हणाल्या.

“अम्मा, तुम्ही नको,” मी पुढे झाले.

तोवर त्या ठोकळ्यावर चढल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई. माझा खांदा घट्ट धरला, समोर बघितलं आणि उडी मारली. म्हणजे खरं तर जरा मोठ्याने उतरल्या. धप्प आवाज झाला.

“आवाज झाला,” अम्मा स्वतःच म्हणाल्या. “नापास.”

चित्रा हसायला लागली. पोट धरून हसली. हसता हसताच ठोकळ्यावर चढली आणि हसता हसताच खाली आली. मी डोळे मिटून घेतले होते. मला आवाज ऐकायचा होता, कारण दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर एकच मऊ आवाज येतो आणि घाबरलेला पाय मागे राहिला तर दोन येतात.

एकच आला. मांजर ओट्यावरून उतरावी तसा.

पुढचे काही महिने एका पायावरच्या उड्या, वळणं, उतार. दोन्ही पाय सारखे झाले. सर्जननी शेवटची तपासणी केली आणि मला म्हणाले, “आता डोंगराचं तुम्ही ठरवा.” मी ठरवलं. स्पर्धा नाही, घड्याळ नाही, आणि मी सोबत येणार.

खरं सांगायचं तर मी कधी कुणाला डोंगरात धावताना पाहिलंच नव्हतं. गुडघे पाहिले ते टेबलावर. कोल्ली मलैला जाताना गाडीत मी तिची फाइल मांडीवर घेऊन बसले होते.

चढ आम्ही चालत चढलो. वाटेत तिने मला ते मूळ दाखवलं. मनगटाएवढं, पायवाटेवर आडवं. ती त्याच्यापाशी वाकली, हाताने चाचपलं, “एवढंसं आहे,” म्हणाली आणि पुढे गेली. माथ्यावर ती दोन घोट पाणी प्यायली. “तुम्ही खाली वळणावर थांबा, अक्का. तिथून सगळी वाट दिसते.”

मी वळणापर्यंत उतरून थांबले. वर धुकं होतं. काही दिसत नव्हतं. मग पावलांचा आवाज आला. एकसारखा, हलका. आणि धुक्यातून ती बाहेर आली.

मला वाटलं होतं ती जपून, दगड बघून उतरेल. ती तर खाली बघतच नव्हती. नजर पुढे, चार-सहा पावलांवर, आणि पाय मागून आपली जागा शोधत होते. ओला दगड, सुटा दगड, मूळ, माती. दर पावलाला गुडघा वाकत होता, भार झेलत होता, सोडून देत होता. मूळ आलं, तिने ओलांडलं, मला ते नंतर लक्षात आलं. मी ज्या मांडीवर टकटक करून “इथे बोलाव” म्हणत होते, तीच मांडी ही. जी शीर आधी मेली आणि मग पुन्हा विणली गेली, ती या क्षणी आत तिचं सगळं वजन धरून होती. हे मी पुस्तकात वाचलं होतं, लोकांना समजावून सांगितलं होतं. डोळ्यांनी पाहिलं तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. डोंगराला की गुडघ्याला, ते मला ठाऊक नाही.

ती माझ्याजवळ येऊन थांबली. दम लागला होता, चेहरा लाल. पुढे शेवटचा टप्पा होता, सगळ्यात सरळ आणि सोपा. मी बाजूला सरकून तिला वाट दिली.

“नको, अक्का,” ती म्हणाली. “मांडी थकली. आज इथून चालत जाऊं.”

आम्ही चालत उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला. सूज नाही.

आता ती महिन्यातून एकदा डोंगरात जाते. मला सांगून जात नाही, आल्यावरच कळतं. तिला मी नंतर पुन्हा तपासायला बोलावलंही नाही. पेशंट धावू लागला म्हणून मी कुणाची फाइल बंद करत नाही. धावता येत असताना तो स्वतःहून थांबला, की करते.